ओलावा सेक्शनच्या नोंदी, तुर्भे, मे ते ऑगस्ट २०२५

१२ मे, सोमवार

आमच्या मसाले तपासायच्या लॅबमधलं ओलावा सेक्शन, म्हणजे मालात पाणी किती टक्के ते काढायचं काम, आजपासून माझ्या गळ्यात. कारण जुनंच, गेल्या पावसाळ्यात मिरची पावडरीचं एकच सॅम्पल सकाळच्या शिफ्टला ९.९ टक्के आणि संध्याकाळच्या शिफ्टला १०.६ निघालं होतं, पार्टी एपीएमसीच्या मसाला मार्केटमधली, त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि साहेबांना फोन लावला की सांगा यातलं खरं कुठलं. मिरची पावडरीला ११ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे पाऊण टक्का इकडेतिकडे झाला की माल पास का नापास हेच बदलू शकतं. साहेबांनी तेव्हा सगळा राग ओव्हनवर काढला, नवीन ओव्हनचं कोटेशन मागवलं, आकडा बघितला आणि गप्प बसले. आता म्हणतायत तूच बघ काय ते, पण खर्च फार नको.

पद्धत साधी आहे, सॅम्पल डिशमध्ये तोलायचं, ओव्हनमध्ये वाळवायचं, परत तोलायचं, वजन जेवढं घटलं तेवढा ओलावा. माझा संशय ओव्हनवर नाहीये. ओव्हनमधून डिश बाहेर काढल्यापासून बॅलन्सवरचा, म्हणजे वजनकाट्यावरचा, आकडा वहीत लिहीपर्यंत मधे जे काय होतं त्यावर आहे. सॅम्पल वाळतं व्यवस्थित, वाळलेलं राहत नाही.

सामानाची मोजदाद: हॉट एअर ओव्हन दोन, एक फॅनवाला आणि एक जुना बिनफॅनचा. मफल फर्नेस, म्हणजे जास्त तापणारी भट्टी. व्हॅक्यूम ओव्हन, जो कधीपासून बंद आहे आणि सध्या लोकांचे जेवणाचे डबे ठेवायच्या कामी येतो. काचेचे डेसिकेटर तीन (झाकणाची भांडी, तळाशी पाणी शोषणारं सिलिका जेल, गरम डिश दमट हवा न लागता गार करायला), त्यातल्या एकाच्या कडेचा टवका उडालेला. एक व्हॅक्यूम डेसिकेटर, कॉक जाम. भिंतीवर हवेतली आर्द्रता दाखवणारे हायग्रोमीटर, तिन्ही खोल्यांत एकेक, आणि एकत्र ठेवले तर तिघांचं एकमेकांशी पटत नाही.

मुंबईत मान्सून साधारण ११ जूनला येतो, म्हणून १० जूनच्या आत सगळं जागेवर असा प्लॅन.

१५ मे, गुरुवार

फॅनवाल्या ओव्हनचं मॅपिंग. डिस्प्ले म्हणतो १०५, पण डिस्प्ले फक्त जिथे त्याचा तापमानाचा सेन्सर आहे तिथलं सांगतो, बाकी कपाटात काय चाललंय त्याला काय माहीत. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायच्या तारा, वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवून बघितलं तर वरच्या शेल्फवर मागे १०९, खाली दाराजवळ १०१, मधल्या शेल्फच्या मधोमध १०५ च्या आसपास. ठीक आहे, या किमतीच्या ओव्हनला एवढं चालतं. मधल्या शेल्फवर टेपने चौकोन आखला, ओलाव्याच्या डिश फक्त त्याच्या आत, बाकी जागा काचसामान वाळवायला, तेही टेस्ट चालू नसताना.

गंमत पुढे आहे. ओव्हनच्या डोक्यावर जो छोटा व्हेंट असतो, गोल फिरवायचा, तो पूर्ण बंद होता. विचारलं तर कळलं की उष्णता वाया जाऊ नये म्हणून बंद ठेवतात. अहो पण पाणी उडून जाणार कुठे? आत फॅन तीच दमट हवा गोल गोल फिरवत बसणार. व्हेंट आता अर्धा उघडा, आणि त्याच्यावर रंगाची खूण.

दुसरी भानगड याहून मोठी: सकाळच्या डिश शेवटच्या तासावर आलेल्या असतात तेव्हाच दुपारची नवीन ओली सॅम्पल त्याच ओव्हनमध्ये जातात. दार उघडलं की तापमान पडतं ते वेगळंच, पण ओल्या सॅम्पलची वाफ जवळपास वाळलेल्या सॅम्पलवर येते आणि ती परत ओढून घेतात. संध्याकाळचा आकडा वेगळा येण्यात याचा हात नक्की आहे. पाटी लावली: एक बॅच आत असताना दुसरी आत जाणार नाही. ज्युनिअर पोरगी म्हणाली मॅडम मग काम कधी संपणार. जुना बिनफॅनचा ओव्हन आहे ना, घासून पुसून चालू कर म्हटलं.

१९ मे, सोमवार

ओव्हनची परीक्षा घ्यायची तर असं काहीतरी हवं ज्यात पाणी किती आहे हे आधीच पक्कं माहीत आहे. सोडियम टार्ट्रेट डायहायड्रेट, यात पाणी १५.६६ टक्के, रेणूतच बांधलेलं असल्याने हवामान काही का असेना आकडा तोच. कार्ल फिशर नावाच्या रासायनिक पद्धतीने पाणी मोजणारे पण आपलं द्रावण तपासायला हेच वापरतात. १५० डिग्रीला तीन तास ठेवलं, डेसिकेटरमध्ये गार केलं, १५.६४ आलं. ओव्हन निर्दोष सुटला. साहेबांना लगेच जाऊन दाखवलं, म्हणाले मग गेल्या वर्षी काय भूत होतं का.

ज्युनिअरला अजून एक करून दाखवलं कारण कॉन्स्टंट वेट आलं, म्हणजे वजन घटायचं थांबलं, की पाणी संपलं असं सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घे, १०५-११० ला ठेव, निळा रंग जाऊन फिकट पांढुरका होतो, वजन उतरतं उतरतं आणि थांबतं. तास दोन तास वाढवले तरी हलत नाही. वजनातली घट साधारण २८.९ टक्के. पण मोरचुदात पाणी आहे ३६.१ टक्के! पाच रेणूंपैकी चार गेले, पाचवा सल्फेटला धरून बसलाय, तो सुटायला २०० च्या वर जावं लागतं. म्हणजे वजन थांबलं याचा अर्थ या तापमानाला जेवढं जायचं तेवढं गेलं, बस. पोरीने वहीत लिहून घेतलं आणि मग विचारलं की मिरचीतलं सगळं पाणी १०५ ला जातं कशावरून. चांगला प्रश्न आहे. उत्तर जुलैत येईल, टोल्युइन या द्रावकाने पाणी मोजायचं काम निघालं की.

२२ मे, गुरुवार

डेसिकेटर दिवस. हे काम मामांशिवाय होणार नव्हतं. मामा इथे सगळ्यात जुने आणि काचेवर त्यांचा हात माझ्यापेक्षा हलका आहे.

जुनं ग्रीस चिंध्यांनी आणि मग टोल्युइनने पुसून काढलं, त्या ग्रीसमध्ये धूळ, मिरची आणि एक मेलेली मुंगी. टवका उडालेल्या डेसिकेटरची कड मामांनी काचेच्या सपाट तुकड्यावर बारीक कार्बोरंडमची घासायची पावडर आणि पाणी घालून गोल गोल घासली, पण टवका खोल आहे, पूर्ण जाईना. तो आता रिकाम्या डिश ठेवायला. बाकी दोघांना नवीन सिलिकॉन ग्रीस. मामांची पद्धत: करंगळीएवढं घ्यायचं, कडेवर चार ठिकाणी ठिपके द्यायचे, झाकण ठेवून डावीउजवीकडे फिरवत बसायचं. कड सगळीकडून काचेसारखी आरपार दिसायला लागली की बसलं. कुठे पांढऱ्या रेघा दिसल्या तर तिथून हवा जाते. जास्त ग्रीस लावणारे लोक आहेत इथे, त्याने झाकण घसरतं आणि एक दिवस फरशीवर येतं.

पोरांसाठी मामांचा क्लास पण झाला. झाकण वर उचलायचं नाही, आडवं सरकवायचं. काढलेलं झाकण टेबलावर ग्रीसची बाजू वर करून ठेवायचं. डेसिकेटर उचलताना दोन्ही अंगठे झाकणावर दाबून. आणि गरम डिश आत ठेवल्या ठेवल्या झाकण घट्ट बंद नाही करायचं, आतली हवा तापून फुगते आणि झाकण हलतं, थोडी फट ठेवून पाच-दहा सेकंद थांबायचं, मग बंद. नंतर गार होताना आत थोडा व्हॅक्यूम तयार होतो, झाकण चिकटतं. तेव्हा जोर लावायचा नाही, हळूच सरकवायचं, नाहीतर हवा एकदम आत घुसते आणि हलकी पावडर डिशमधून उडते. मग वजन कमी भरतं, ओलावा उगाच जास्त निघतो आणि कोणालाच कळत नाही का.

व्हॅक्यूम डेसिकेटरचा कॉक हेअर ड्रायरने कोमट करून सुटला. त्याला बाहेरून सगळीकडे पारदर्शक टेप मारून घेतली, व्हॅक्यूमखाली काच फुटली तर तुकडे आतल्या बाजूला ओढले जाऊन मग चहूकडे उडतात.

२६ मे, सोमवार

पाऊस आला. मुंबईत मान्सून आजच जाहीर झाला, एवढ्या लवकर आल्याची नोंदच नाही म्हणतायत. माझा १० जूनचा प्लॅन बोंबलला. सकाळी सानपाड्यापासून चालत येताना छत्रीचा काही उपयोग नव्हता, आणि बॅलन्स रूममधला हायग्रोमीटर ८४ दाखवत होता, एसी चालू असून. बाकी कामं बाजूला, आधी हे हायग्रोमीटर खरं बोलतायत का ते बघायचं.

३० मे, शुक्रवार

हायग्रोमीटर तपासायला काही महाग लागत नाही, मीठ लागतं. मिठात थोडंसंच पाणी घालून ओला चिखल करायचा, वर पाणी तरंगायला नको आणि कोरडं पण राहायला नको, तो वाटीत घालून हवाबंद डब्यात हायग्रोमीटरबरोबर रात्रभर ठेवायचा. २५ डिग्रीला डब्यातली आर्द्रता ७५.३ टक्क्यांवर येऊन थांबते, दरवेळी. मॅग्नेशियम क्लोराइडचा चिखल केला तर ३२.८, लिथियम क्लोराइडचा केला तर ११.३. मीठ तेच, आकडा तोच. हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

निकाल: बॅलन्स रूमवाला मिठात ७२, मॅग्नेशियममध्ये ३१, म्हणजे चालेल, करेक्शन लिहून मागे चिकटवलं. ग्राइंडिंग रूमवाला ६४ दाखवत होता, पार गेलाय, बदलायचा. तिसरा ठीक. म्हणजे गेल्या वर्षी ग्राइंडिंग रूमच्या लॉगबुकात जे सत्तर-बहात्तर लिहिलंय ते प्रत्यक्षात ऐंशीच्या वर असणार.

आता जरा हिशोब, कारण साहेबांना आकडे लागतात. ३० डिग्री आणि ८५ टक्के आर्द्रतेला एक लिटर हवेत साधारण २६ मिलिग्रॅम पाणी असतं. आपला मोठा डेसिकेटर दहा लिटर धरू. झाकण पूर्ण काढून सहा डिश निवांत काढल्या की आतली सगळी हवा बदलते, म्हणजे एका उघडण्यात २६० मिलिग्रॅम पाणी आत. आपलं सॅम्पल ५ ग्रॅमचं, त्यात ५ मिलिग्रॅम फरक पडला की रिपोर्टवर ०.१ टक्का बदलतो. जानेवारीत, २५ डिग्री आणि ४० टक्के असताना, हेच उघडणं नव्वद-एक मिलिग्रॅमचं असतं. पावसाळ्यात सिलिका जेलवर जवळपास तिप्पट ओझं पडतं आणि आपण ते बदलतो तेवढ्याच दिवसांनी. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, ताई, पापड उन्हात कसे का वाळेनात, डब्याचं झाकण सैल असलं की श्रावणात वातडच खायचे. साहेबांना समजवायला मला पाऊण तास लागला होता.

४ जून, बुधवार

सिलिका जेल. आपल्याकडे निळं वापरतात, ओलं झालं की गुलाबी होतं. तो रंग कोबाल्ट क्लोराइडचा. मामा हे जेल वर्षानुवर्षं हाताने घमेल्यात ओतून ओव्हनमध्ये ठेवतायत, तळाला जी निळी भुकटी उरते ती झटकून. युरोपात कोबाल्ट क्लोराइड कॅन्सरकारक म्हणून वर्गीकृत आहे, २००८ पासून त्यांच्या चिंताजनक पदार्थांच्या यादीत आहे. नारंगी जेल मिळतं, ते ओलं झालं की हिरवट होतं, कोबाल्ट नाही त्यात. प्रिन्सेस स्ट्रीटच्या दुकानातून मागवलं, थोडं महाग पण साहेब काही बोलले नाहीत. मामांना ग्लोव्ज आणि मास्क घालायला लावलं, तोंड वाकडं केलं पण घातलं.

निळं असो नारंगी असो, रंगावर पूर्ण भरवसा ठेवायचा नाही. निळं जेल नीट गुलाबी दिसायला लागेपर्यंत आतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास गेलेली असते. जांभळट झालं तेव्हाच ते आपल्या कामातून गेलेलं असतं, पण माणूस म्हणतो अजून कुठे गुलाबी झालंय, चालू दे. त्यात आपल्याकडे जेल पोर्सिलिनच्या प्लेटखाली, वरून फक्त भोकांतून दिसतं, आणि खालचे दाणे निळे असताना वरचे आधी गेलेले असतात. आता नियम असा की पावसाळ्यात रंग न बघता दर सोमवारी जेल बदलायचं.

पुन्हा वाळवणं: ११०-१२० डिग्रीला, पातळ थर, तीनेक तास. कोणीतरी कधीतरी घाईत २०० ला ठेवलेलं होतं, त्या बरणीतलं जेल काळपट झालंय, रंग आता बदलतच नाही. ती बरणी बाद.

९ जून, सोमवार

मला हवी होती ती टेस्ट आज झाली. एकाच मिरची पावडरीच्या डिश एकाच बॅचला वाळवल्या, मग वेगवेगळ्या डेसिकेटरमध्ये ठेवून रात्रभर सोडल्या आणि सकाळी परत वजन. जांभळट झालेल्या जुन्या जेलवरच्या डिशचं वजन ११-१२ मिलिग्रॅमने वाढलं. ताज्या जेलवरची ३ ने. व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये मॉलिक्युलर सीव्ह (हेही पाणी शोषणारे दाणे) घातलं होतं, तिथली एक मिलिग्रॅमच्या आत.

पोरीला विश्वासच बसेना की बंद डेसिकेटरमध्ये ठेवलेली वस्तू ओली होते. पण सरळ आहे ना, १०५ ला कडकडीत वाळलेली पावडर स्वतःच पाणी ओढणारी असते, आणि खाली जेल जर अर्धं भरलेलं असेल तर दोघांत जो जास्त तहानलेला तो ओढणार. जेलमधलं पाणी आपल्या सॅम्पलमध्ये आलं. सॅम्पलच डेसिकेटरचं डेसिकंट, म्हणजे पाणी शोषणारं, झालं म्हणा.

रात्रभर हे टोक झालं, पण इथे खरंच सवय आहे की संध्याकाळी डिश काढून डेसिकेटरमध्ये टाकायच्या आणि सकाळच्या शिफ्टने वजन घ्यायचं. ते आजपासून बंद. अर्धा ते पाऊण तास गार, लगेच वजन.

१७ जून, मंगळवार

मॉलिक्युलर सीव्ह थोडं जास्त मागवलं, ४ए. हे झिओलाइटचे दाणे, चार अँगस्ट्रॉमची, म्हणजे रेणूच्या मापाची भोकं, पाण्याचा रेणू आत जाऊन अडकतो. सिलिका जेल दमट हवेत वजनाच्या मानाने यापेक्षा जास्त पाणी घेतं, पण हवा आधीच कोरडी असेल तेव्हा जेल ढिलं पडतं आणि सीव्ह ओढतच राहतं. मग दोन्ही का नको? मोठ्या डेसिकेटरमध्ये जेल, शेवटचं गार करायला छोट्यात सीव्ह.

अडचण एकच, सीव्ह ११० ला वाळत नाही, २५० ते ३०० लागतं, म्हणजे मफल. मफल राख काढण्याच्या कामात अडकलेली असते त्यामुळे शनिवारी संध्याकाळची वेळ मागून घेतली. वाळलंय का बघायची सोपी युक्ती: टेस्ट ट्यूबमध्ये चार दाणे घालून पाण्याचे थेंब टाकायचे, चांगलं तापलं तर जिवंत आहे. सीव्हला रंग नसतो, म्हणून बरणीवर तारीख लिहायचीच.

फॉस्फरस पेंटॉक्साइडचं कोणीतरी सुचवलं, सगळ्यात कडक डेसिकंट तेच. पण पाणी लागलं की वर चिकट साय धरते आणि खालची पावडर कोरडी असून निकामी, शिवाय अंगावर आलं तर भाजतं. मसाल्यासाठी एवढ्या थराला जायची गरज नाही. सल्फ्युरिक ॲसिडचे जुने डेसिकेटर मामांनी बघितलेत, धक्का लागून ॲसिड हिंदकळल्याचे किस्से पण आहेत त्यांच्याकडे. नको.

२५ जून, बुधवार

बॅलन्स रूम. वाळलेली मिरचीची डिश झाकण न लावता पॅनवर ठेवली आणि नुसतं बघत बसलो. शेवटचा आकडा वर वर जातोय, थांबायचं नाव नाही, दोन मिनिटांत ५ मिलिग्रॅम. पोरं स्टेबल होईपर्यंत थांबायची आणि तो आकडा लिहायची! उलट डिश गरम असली तर तिच्याभोवतीची हवा वर चढते आणि वजन कमी दिसतं. म्हणजे घाई केली तर आकडा एकीकडे, आळस केला तर दुसरीकडे. ॲल्युमिनियमच्या झाकणवाल्या डिश कपाटात पडून होत्या, त्या काढल्या. ओव्हनमध्ये झाकण उघडं, बाहेर काढतानाच झाकण लावायचं, डेसिकेटरमध्ये झाकणासकट, बॅलन्सवर झाकणासकट. हा सगळ्यात स्वस्त बदल आणि माझ्या मते सगळ्यात मोठा.

बॅलन्सच्या काचेच्या आत सिलिका जेलची वाटी असायची, जुनी पद्धत, ती काढली. तिच्यामुळे आतली हवा बाहेरच्या हवेपेक्षा वेगळी होते, दार उघडलं की झोत तयार होतो, स्टॅटिक वाढतं आणि आकडा नाचतो. तिथे काही वाळवायचं नाहीये.

दुसरं टोक ग्राइंडिंग रूम. सॅम्पल दळून स्टीलच्या ताटात पसरून ठेवतात, चहा पिऊन आल्यावर वजन घेतात. ८५ टक्के आर्द्रतेत पातळ पसरलेली पावडर त्या वेळात पाणी पिते आणि ते पाणी आपण रिपोर्टमध्ये पार्टीच्या नावावर टाकतो. तिथे हवेतलं पाणी काढणारा डीह्युमिडिफायर भाड्याने आणला, खोली आता ५५ च्या आसपास राहते. बादली भराभर भरते. मामांना ते पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं होतं, डिस्टिल्डच तर आहे म्हणे. कॉइलवरची धूळ, धातू सगळं येतं त्यात, कुंड्यांना घाला म्हटलं.

८ जुलै, मंगळवार

आता पोरीच्या मे महिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर. ओव्हन सांगतो वजन किती घटलं, ते पाणीच होतं असं तो म्हणत नाही. मसाल्यात उडून जाणारं तेल असतं, ते पण १०५ ला जातं आणि ओलावा म्हणून मोजलं जातं. म्हणून मसाल्यांना टोल्युइनची पद्धत, आयएसओ ९३९ या आंतरराष्ट्रीय मानकातली. १९२० साली डीन आणि स्टार्कने काढलेलं काचेचं उपकरण अजून तसंच चालतं: फ्लास्कमध्ये सॅम्पल आणि टोल्युइन, उकळलं की पाणी आणि टोल्युइन जोडीने ८५ डिग्रीच्या आत वर येतात, कंडेन्सरमध्ये गार होऊन खुणा असलेल्या नळीत पडतात, पाणी तळाला बसतं, टोल्युइन वरून परत फ्लास्कमध्ये. तेल टोल्युइनमध्येच राहतं. पाणी मिलिलिटरमध्ये थेट वाचायचं. गार करणं, डेसिकेटर, बॅलन्स, काही भानगडच नाही.

लावून बघितलं. मिरची: ओव्हन आणि टोल्युइन जवळपास सारखे, कारण मिरचीत असं तेल नगण्य. हळद: ओव्हन १२.८, टोल्युइन ९.४. लवंगेचं तर बोलायलाच नको, तिच्यात तेल पंधरा टक्क्यांच्या वर असू शकतं, ओव्हनमध्ये लवंगेचा ओलावा काढणं म्हणजे खोलीला वास देणं. आजपासून ओव्हन फक्त मिरची आणि अशा बिनतेलाच्या मालाला.

पावसाळ्याने इथेही सोडलं नाही. कंडेन्सरमधून थंड पाणी फिरतं, वरचं तोंड उघडं, त्यातून खोलीतली दमट हवा आत जाऊन थेंब बनते आणि आपल्या मोजमापात पडते. म्हणून वर कॅल्शियम क्लोराइडची गार्ड ट्यूब. पण कॅल्शियम क्लोराइड पाणी पिऊन पिऊन आधी चिकट आणि मग दगड होतं, नळी बंद झाली तर खाली उकळतं टोल्युइन आणि वर बूच, हे धोक्याचं आहे. मोठे दाणे, दोन्ही बाजूंना सैल कापूस, आणि रोज सकाळी फुंकून बघायचं की हवा आरपार जाते. हे फळ्यावर लाल अक्षरात.

नळीच्या भिंतीला थेंब चिकटून राहतात ते तांब्याच्या तारेने खाली पाडायचे. काच डिटर्जंटने अगदी स्वच्छ असली तर चिकटतच नाहीत, तेव्हा मूळ उपाय भांडी घासणे हाच.

२१ जुलै, सोमवार

व्हॅक्यूम ओव्हनवरचे डबे उतरवले. गुळाचं काम आलंय. गूळ १०५ ला ठेवला की साखर करपायला लागते, त्यातून पण पाणी निघतं, वजन थांबतच नाही. ७० डिग्री आणि व्हॅक्यूम. १०० मिलिबारला, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्शाला, पाणी ४६ डिग्रीलाच उकळतं, म्हणून ७० पुरतं. धुतलेल्या कोरड्या वाळूत गूळ कालवायचा म्हणजे वर कडक पापुद्रा धरून आत ओल अडकत नाही.

पंप चालू केला तर व्हॅक्यूम येईना. काचेतून तेल बघितलं तर दुधासारखं पांढरं, पाणी मिसळलेलं. ओव्हनमधली वाफ सरळ पंपात जात होती, मधे वाफ गार करून अडवणारा ट्रॅपच नव्हता. तेल बदललं, गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडून वाफ बाहेर काढणारा व्हॉल्व्ह) उघडा ठेवून अर्धा तास पळवला, मधे बर्फ-मिठाचा ट्रॅप लावला. आता व्हॅक्यूम टिकतो. बंद करताना आधी ओव्हनमध्ये हवा सोडायची, तीही सिलिका जेलच्या नळीतून, नाहीतर वाळवलेल्या गुळावर पावसाळी हवेचा अख्खा लोट सोडल्यासारखं होतं. आणि मग पंप. उलट केलं तर तेल पाइपात चढतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

शिफ्टची टेस्ट. एकच मिरचीचं सॅम्पल फॉइलच्या पाकिटात सील करून दोन्ही शिफ्टना दिलं, कोणाला न सांगता. सकाळ १०.१, संध्याकाळ १०.२. परत दुसऱ्या सॅम्पलवर, ९.४ आणि ९.४. साहेब कागद घेऊन गेले आणि पार्टीला फोटो पाठवला, माझ्याआधी.

साध्या प्लॅस्टिकच्या झिपवाल्या पिशव्यांत सॅम्पल ठेवायचं बंद केलंय, पातळ प्लॅस्टिकमधून दमट हवा हळूहळू आत जातेच, चार दिवसांनी रिटेस्ट केलं की आकडा वर. फॉइलचं पाकीट नाहीतर रबराची रिंग असलेली काचेची बरणी.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून पाऊस थांबलेला नाही, मेन आणि हार्बर दोन्हीची वाट लागलीय, ठाण्याकडची पोरं आलीच नाहीत, मी आणि मामा. दुपारी लाईट गेली, डीह्युमिडिफायर बंद, ग्राइंडिंग रूम तासाभरात ८० च्या वर. आज दळण नाही असं ठरवलं. ओव्हनमधल्या डिश शेवटच्या तासावर होत्या, झाकणं लावून सीव्हवाल्या छोट्या डेसिकेटरमध्ये ठेवल्या, बॅलन्स यूपीएसवर होता. लाईट आल्यावर त्याच डिश परत तासभर ओव्हनला लावून बघितल्या, फरक २ मिलिग्रॅम. चालेल.

बाकी राहिलेलं: ग्राइंडिंग रूमचा नवीन हायग्रोमीटर आलाय, मिठात ठेवून बघायचाय. टवक्यावाल्या डेसिकेटरच्या बदली नवीन मागायचा, पॉलिकार्बोनेटच्या झाकणाचा पण बघू, हलका असतो, फक्त टोल्युइनपासून लांब ठेवावा लागेल. डीह्युमिडिफायर भाड्याचा विकत घ्यायचा का ते साहेब गणपतीनंतर सांगतो म्हणालेत. शनिवारी मफल सीव्हसाठी, विसरायचं नाही.